मदत हवी आहे: टनब्रिज वेल्सच्या नेव्हिल ग्राउंडचा ८३ च्या आधीचा इतिहास

नमस्कार मंडळी, इथल्या (केंट, इंग्लंड) आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नेव्हिल ग्राउंड या क्रिकेटच्या मैदानावर लेख देतो असं कबूल करून बसलोय आणि आता घोडं अडलंय. कुठेही शोधा, गाडी १८ जून १९८३ लाच येऊन थांबते. वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये झिम्बाब्वेसमोर भारत ५ बाद १७, गावसकर-श्रीकांत दोघांनाही भोपळा, मग कपिलचे नाबाद १७५ आणि किरमाणीबरोबर नवव्या विकेटला नाबाद १२६, हे आपल्याला तोंडपाठ आहे, त्याचं शूटिंग झालं नाही हेही.

पण ग्राउंड १८९८ चं आहे हो! जमीन अ‍ॅबरगेव्हनीच्या मार्क्विसची, घराण्याचं आडनाव नेव्हिल, म्हणून हे नाव. केंटची टीम १९०१ पासून तिथे यायची, तो क्रिकेट वीक म्हणजे गावची जत्राच, तंबू-बिंबू लागलेले आणि कडेने ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले.

खरा मसाला १९१३ चा आहे. ११ एप्रिलला पॅव्हेलियन जळून खाक, आणि तिथे बायकांना मताचा हक्क मागणाऱ्यांची पत्रकं आणि त्यांच्या पुढारी एमेलीन पँकहर्स्टचा फोटो सापडला. बाईंना ३ एप्रिललाच ३ वर्षांची सक्तमजुरी झाली होती, त्यामुळे राग कशाचा ते कळतंच. पॅव्हेलियन काही आठवड्यांत परत उभं राहिलं, पण तिथे खेळणाऱ्या ब्लूमँटल्स क्रिकेट क्लबचं जुनं दप्तर आगीत गेलं, आणि माझी पंचाईत नेमकी तिथेच आहे.

तर कोणी सांगेल का, आगीच्या आधीच्या पॅव्हेलियनचा फोटो किंवा जुनं पोस्टकार्ड कुठे मिळेल? मेडस्टनच्या रेकॉर्ड ऑफिसात आधी जावं की टनब्रिज वेल्सच्या 'द अमेलिया'मध्ये (लायब्ररी-म्युझियम एकत्र आहे, आणि नाव दिलंय अमेलिया स्कॉटचं, त्याही मताच्या हक्कासाठीच लढल्या पण सनदशीर मार्गाने)? जुन्या पेपरांचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन घेतलंय कोणी, पैसे वसूल होतात का? आणि १९१३ च्या पेपरातला फोटो अंकात छापायला परवानगी लागते का, लागत असेल तर कोणाची?

८३ ला प्रत्यक्ष मॅचला गेलेलं कोणाच्या घरातलं कोणी असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, प्रेक्षकांत बसून घरच्या कॅमेऱ्याने काढलेला एखादा धुरकट फोटोही चालेल. संपादक म्हणतात कपिलपासून सुरू कर, माझं म्हणणं आगीपासून. तुम्हाला काय वाटतं तेही लिहा.