विषय: रवा किती किलो?? (आज रात्री ऑर्डर जायची आहे)

किचन कमिटी, घाईत लिहितेय. काकूंच्या कागदावर शिऱ्याला "२५ कप रवा" आहे आणि ऑर्डर किलोत द्यायचीय. कप २५०चा, म्हणजे २५ × २५० = सव्वासहा किलो, बरोबर ना? कोणीतरी चेक करा, मागच्या वेळेसारखं नको.
– सेक्रेटरी

---
ताई थांब, पाठवू नकोस! ते २५० मिलिलिटर आहेत गं, ग्रॅम नाहीत. पाण्याला चालतं तसं, रव्याच्या दाण्यांमध्ये हवा असते. २५० मिलीच्या कपात रवा साधारण १७५ ग्रॅम बसतो, म्हणजे ४ किलो ३७५. अमेरिकन कप असेल (२३७ मिलीच्या आसपास) तर १६७ ग्रॅम धर, मग ४ किलो १७५. काकू, कप कुठला?
– खजिनदार

---
कुठला म्हणजे? माझा. स्टीलचा, कान तुटलेला. आजवर त्या कपाने कुणाचं बिघडलं नाही. आणि मागच्या वेळी शिरा कोरडा झाला तो माझ्या कागदामुळे नाही, त्या दिवशी गॅसजवळ मी नव्हतेच, हे एकदा कुठेतरी लिहून ठेवा.
– काकू

---
> गॅसजवळ मी नव्हतेच

गॅसजवळ मी होतो, आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मोठ्या हौसेने काटा घेऊन गेलो होतो. कागदावर "एकाला अडीच पाणी", म्हणून मी ३ किलो रव्याला साडेसात लिटर ओतलं, आणि दोन मिनिटांत उलथनं पातेल्यात आपलं आपण उभं! घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला, ते अडीच कपाचं माप होतं. किलोभर रवा म्हणजे जवळजवळ १.४ लिटर भरतो, त्याला साडेतीन लिटर पाणी हवं, तिनाला साडेदहाच्या वर. तीन लिटर कमी पडलं, दुसरं काही नाही. काकूंची माफी मागून झालीय, तरी परत एकदा.
– स्टेजवाला (किचनमध्ये पुन्हा नाही)

---
साखरही किलोत घेणार असाल तर सांभाळा, रव्याइतकीच साखर म्हणजे कपाने, वजनाने नव्हे. ज्या कपात रवा १६७ ग्रॅम त्यात साखर २०० बसते. मला तर तेवढा गोड शिरा जातच नाही, आमच्या घरी निम्मी घालतो.

---
साखरेचं मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय, रव्याच्या पाऊणपट, कपाने. परत काढू नका प्लीज.
– सेक्रेटरी

---
काकूंकडे जाऊन आलो. कप काट्यावर ठेवून झीरो केला, काठोकाठ पाणी भरलं तर २१० ग्रॅम, म्हणजे कप २१० मिलीचाच! मग रवा सैल भरून सुरीने सपाट केला: १४७, १४९, १४८. ठोकून भरला तर १६१, म्हणून कप ओट्यावर आपटू नका. २५ कप म्हणजे ३ किलो ७००. चार सांगा, उरला तर उरला. (चहा झाला, लाडूही मिळाला.)
– खजिनदार

---
चार किलो सांगते मग. काकू, कप घेऊनच या, पाणी त्यानेच मोजू.
– सेक्रेटरी

---
आणते. पण रवा बारीक सांगितलास की जाड?
– काकू