शब्द हवा : उपदेश ऐकणाऱ्यांच्या वाट्याचं काम

सायली_नगर
आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. लेखाचा मुद्दा साधा आहे: रविवारची उपासना अर्थपूर्ण होणं हे एकट्या पाळकसाहेबांचं काम नाही, बाकांवर बसलेल्यांचंही तेवढंच आहे. मी शीर्षकातच अडले. लिहिलं होतं, ‘उपासना : उपदेशक आणि श्रोते यांची सामाईक जबाबदारी’. स्मरणिका बघणाऱ्या काकांनी दोन शब्दांवर काट मारली. म्हणाले, ‘श्रोते’ आकाशवाणीचे असतात, आणि ‘सामाईक’ सातबाऱ्यावरची विहीर असते. तिचा गाळ कोण काढतं ते आपल्याला माहीत आहे. मला पटलं. पण ‘मंडळी’ लिहावं तर पाळकही मंडळीतलेच. मग ‘पाळक आणि मंडळी’ अशी दोन टोकं कशी करायची?

प्रवरातीर
मंडळीच लिहा. मराठी बायबलमध्ये चर्चला सगळीकडे मंडळीच म्हटलंय. शब्द ‘मंडल’वरून आला. मंडल म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळाला पहिला बाक नसतो, शेवटचा नसतो. शब्दातच सगळ्यांना सारखी जागा आहे.

शब्दवेल्हाळ
प्रवरातीर, व्युत्पत्ती बरोबर, पण तिच्यावर एवढा भार टाकू नका. ‘मंडळी जेवायला बसली’ म्हणताना कोणी वर्तुळ मोजत नाही, आणि ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणणाऱ्या माणसाला बायकोच अभिप्रेत असते. शब्द कुठून आला ते सांगता येतं. आज तो काय सांगतो ते ऐकावंच लागतं.

मास्तरांचा_नातू
सायलीताई, ‘उपासना’ हा शब्द तरी तुमच्याकडे बोलण्यात आहे का? आमच्या राहुरीकडच्या गावात आजी-आजोबा ‘भक्ती’च म्हणायचे. ‘भक्ती सुटली का?’, ‘आज भक्तीला कोण होतं?’ उपासना फक्त गीतांच्या पुस्तकावर छापलेली. आजोबा मिशन शाळेत मास्तर होते, पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार आजोबाच चालवायचे. बुधवारी घरोघरी प्रार्थना असायची. तिथे ते आधी विचारायचे, ‘रविवारचं वचन कोणतं होतं?’ कोणालाच आठवलं नाही तर म्हणायचे, ‘म्हणजे मी नीट सांगितलं नाही, किंवा तुम्ही नीट घेतलं नाही. दोन्ही तपासू.’ आणि खरंच दोन्ही तपासायचे. तेच वचन पुन्हा वाचायचे, मग एकेकाला विचारायचे. मला लहानपणी त्याची धास्ती वाटायची. आज वाटतं, तुमचा अख्खा लेख त्या एका प्रश्नात होता.

वसईची_पोर
आम्हा कॅथलिकांकडे तर शब्दच उलटा आहे. आम्ही मिस्सा, म्हणजे आमची उपासना, ‘ऐकतो’. ‘मिस्सा ऐकलीस का?’ असंच विचारतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि ऐकणंही बहुधा त्यांच्याकडूनच. लॅटिनमधली मिस्सा, याजकाची पाठ लोकांकडे. आजीला एक अक्षर कळत नसे, म्हणून ती मागे बसून रोझरीची माळ जपायची. डिसेंबर 1963 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. लोकांनी समजून, सक्रिय भाग घ्यावा, असं त्यात स्पष्ट आहे. मग मराठी आली, उत्तरं आली, वाचनाला आपल्यातलीच माणसं उभी राहिली. आजी मराठीत उत्तरं द्यायला लागली, पण घरी येऊन म्हणायची, ‘ऐकून आले.’ मीही अजून तेच म्हणते.

भाषाव्रती
मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘जबाबदारी’ कशाला? अरबी ‘जवाब’, त्याला फारसी ‘दार’. देवाच्या कामाबद्दल लिहिताना कचेरीतला शब्द मला खटकतो. ‘उत्तरदायित्व’ लिहा. पाळक, मंडळी, उपासना हे सगळे शब्द संस्कृतातून आलेले आहेत, त्यांच्या पंक्तीला तो शोभेल.

मास्तरांचा_नातू
बाकावर बसलेल्या माझ्या मावशीला ‘उत्तरदायित्व’ म्हटलं तर ती गप्प बसेल. ‘जबाबदारी’ म्हटलं तर उठून सतरंजी झटकेल. मला मावशी उठायला हवी आहे.

शब्दवेल्हाळ
भाषाव्रती, जबाबदारीतला ‘जबाब’ इथे नेमका कामाचा आहे. मंडळीचा जबाब म्हणजे ‘आमेन’. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो: तू काय बोलतोस ते ज्याला समजत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणेल? बोलणाऱ्याने समजेल असं बोलायचं, कारण समोरच्याला जबाब द्यायचा आहे. आमेनच्या हिब्रू धातूत पक्कं असणं, भरवशाचं असणं आहे. न समजता म्हटलेला आमेन म्हणजे न वाचता केलेली सही.

भाषाव्रती
मग ‘उत्तरदायित्वा’तही ‘उत्तर’ आहेच. तुमच्या युक्तिवादाने माझाच शब्द भक्कम होतो.

प्रवरातीर
बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 8वा अध्याय वाचा. लोकच एज्रा शास्त्र्याला म्हणाले, नियमशास्त्राचा ग्रंथ आण. मागणी खालून आली. एज्रा लाकडी व्यासपीठावर उभा, पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन, लोकांचे कान तिकडे लागलेले. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, अर्थ समजावून सांगतायत, लोक हात वर करून ‘आमेन, आमेन’ म्हणतायत. आपल्याकडे उपदेश विसाव्या मिनिटाला लांबला की घड्याळं बघतात. उपदेश नीरस झाला म्हणून घरी जाताना पाळकांना नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जण शनिवारी रात्री उद्याचा शास्त्रभाग वाचून येतात? हे मी स्वतःलाही विचारतो.

वसईची_पोर
काका, दुसरी बाजूही आहे. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्या मुलाला दोष दिलेला नाही. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं. बोलणाऱ्यानेही खाली उतरून बघायचं असतं, कोण पडलं ते.

टाळकरी
मी ख्रिस्ती नाही, पण घरात वारकरी कीर्तन आहे म्हणून बोलतो. तुम्हाला हवा तो शब्द ‘अवधान’. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरी अवधान एकलें दीजे’ अशी. अवधान ‘द्यायचं’ असतं, म्हणजे तो ऐकणाऱ्याचा वाटा झाला. कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात, त्यांनी चाल उचलली नाही तर बुवांचा आवाज पडतो. आणि तुमच्याकडेही कीर्तन आहेच की. रेव्हरंड ना. वा. टिळक कीर्तनं करायचे, त्यांची भजनं तुम्ही अजून गाता.

भाषाव्रती
अवधान! सुंदर. आणि शुद्ध.

मास्तरांचा_नातू
सुंदर आहे, पण कानापुरतं. पाळकांसाठी आठवडाभर प्रार्थना करणं, वचन वाचून येणं, गीत मोकळ्या गळ्याने गाणं, सोमवारी ते वागण्यात आणणं, हे अवधानात मावत नाही. आमची आजी गोष्ट सांगताना म्हणायची, ‘हुंकार दे, नाहीतर मी थांबते.’ आम्ही ‘हूं’ म्हणायचो तेव्हा गोष्ट पुढे जायची. मंडळीचा हुंकार, हे कसं वाटतं?

शब्दवेल्हाळ
अर्थ अचूक, पण शब्द हातचा गेला. आता हुंकार म्हणजे मोर्चा, ललकारी. स्मरणिकेवर ‘मंडळीचा हुंकार’ छापलं तर लोकांना वाटेल चर्चमध्ये भांडण आहे.

टाळकरी
म्हणून सोडून द्यायचा? घराघरांतला शब्द आहे. आम्ही वापरला नाही तर मोर्च्यांकडेच राहील.

भाषाव्रती
हुंकारात नकारही असतो. आमेनमध्ये तो नाही.

वसईची_पोर
नकार असायला काय हरकत आहे? बिरुयातले लोक पौलाचं ऐकूनही, तो सांगतो ते तसंच आहे का, हे शास्त्रात रोज शोधून बघायचे. त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. तपासणं हाही मंडळीचाच वाटा.

सायली_नगर
सगळ्यांचे आभार. उद्या छापखान्यात द्यायचंय. शीर्षक तूर्त ‘उपासना : पाळकांची आणि आपली’ केलंय. ‘आपली’त पाळकही येतात हे मला कळतंय, प्रवरातीर काका. आत एका ठिकाणी ‘हुंकार’ ठेवलाय, गोष्टीतल्या ‘हूं’ची ओळ जोडून. स्मरणिकेच्या काकांनी अजून वाचलेलं नाही.

प्रवरातीर
मग ‘पाळकांची’ हा शब्दच काढा ना.

मास्तरांचा_नातू
नको. आजोबा आधी ‘मी नीट सांगितलं नाही’ म्हणायचे, मग ‘तुम्ही’. तो क्रम राहू द्या.