मदत हवी आहे : परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला, लेट फी चालेल का?

पाऊलवाट_२४ | शनिवार १७ जानेवारी २०२६, सकाळी ८:१०

तातडीची मदत हवी आहे. माझं पहिलंच सेमिस्टर, फेब्रुवारीत परीक्षा. आज पोर्टलवर हॉल तिकीट शोधायला गेलो तर माझ्या नावापुढे एकही विषय नाही. मुदत सोमवारीच संपली म्हणे. सगळ्या लेक्चर्सना बसलोय, असाइनमेंट दिल्यात, पैसे भरलेत, ओळखपत्र खिशात आहे. मग परीक्षेला बसू का देत नाहीत? लेट फी भरून फॉर्म घेतात का? कुठे भरायची, किती? सुपर लेट फी असली तरी भरतो. मेल केलाय, उत्तर नाही. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, माझ्याकडे वेळ नाही.

सनीवेलकर | सकाळी ८:४२

आधी डीएसओला, म्हणजे कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला, गाठ. एफ-१ वर, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, असशील तर फुल टाइम क्रेडिट्स कमी पडता कामा नयेत, स्टेटसवरच येईल. रजिस्ट्रारचं पानही बघ, लेट अ‍ॅडची, म्हणजे उशिरा कोर्स घ्यायची, तारीख तिथे असते. बाकी पोरांचं ऐकत बसू नकोस, मी हे सगळं करून बसलोय.

रेवा_डेल्फ्ट | सकाळी ९:०५

सनीवेलकर, तो अमेरिकेत आहे हे कुठे लिहिलंय? अमेरिकेत कोर्सला नाव घातलं की परीक्षा त्यातच आली, वेगळी नोंदणी नसते. हा प्रकार युरोपातला वाटतोय. आमच्याकडे नेदरलँड्समध्येही परीक्षेला वेगळं नाव नोंदवावं लागतं. पाऊलवाट, देश कोणता ते आधी सांग.

पाऊलवाट_२४ | सकाळी ९:११

जर्मनी. सांगितलं ना, पोर्टलवर नाव नाही. लेट फीचं सांगा.

नाना_धारवाड | सकाळी ९:३०

मी २००३ साली एक ट्रंक आणि एक शब्दकोश घेऊन श्टुटगार्टला उतरलो होतो. पोर्टल नव्हतं, मोबाइलवर भाषांतर नव्हतं. नोटीस बोर्डासमोर उभं राहून एकेक शब्द लावायचो. आज सगळं हातात असून पोरं तारखा चुकवतात. अरे, परीक्षेचा फॉर्म तर आपल्याकडेही भरावा लागतो. ती सवय कुठे गेली?

पाऊलवाट_२४ | सकाळी ९:३८

नाना, आपल्याकडे क्लार्क वर्गात येऊन ओरडायचा. सीआर ग्रुपवर दहादा टाकायचा. नाही भरला तर फोन यायचा, लेट फी भरून काम व्हायचं. माझं इंजिनिअरिंग सोलापूरला झालं, एकदाही चुकवलं नाही. इथे मला कोणी काही बोललंच नाही.

हिरवा_कंदील | सकाळी १०:०२

मी साक्सनीत मास्टर्स केलंय, आता नोकरीला. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: परीक्षेच्या नोंदणीला इथे लेट फी हा प्रकार सहसा नसतो. पैसे घेऊन दार उघडणारा क्लार्क शोधू नकोस, तो नाही.

आता तू न सांगितलेल्या गोष्टी. विषय किती? लेखी की तोंडी? त्यातला एखादा विषय दुसऱ्या विभागाचा आहे का? प्रूफुंग्सआम्टकडून, म्हणजे परीक्षा कार्यालयाकडून, काही मेल आला होता का? युनिव्हर्सिटीचं नाव नको, पण एवढं तरी सांग.

पाऊलवाट_२४ | सकाळी १०:२०

मेकॅनिकलचं मास्टर्स, शिकवणं इंग्रजीत. तीन विषय. दोन लेखी, फायनाइट एलिमेंटचा तोंडी. मेल आला होता, आत्ता शोधून काढला. ४ डिसेंबरचा. पूर्ण जर्मनमध्ये. विषयात 'आनमेल्डुंग' दिसलं म्हणून मी उघडलाच नाही. आनमेल्डुंग तर मी ऑक्टोबरमध्येच महापालिकेत जाऊन केली होती, घरमालकाची सही घेऊन. तेच परत आठवण करून देतायत असं वाटलं.

रेवा_डेल्फ्ट | सकाळी १०:२८

अरे देवा. आता कळलं.

हिरवा_कंदील | सकाळी १०:४१

नवीन येणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. आनमेल्डुंग म्हणजे नुसती 'नोंदणी'. शहरात राहायला आलात की पत्त्याची आनमेल्डुंग, परीक्षेची प्रूफुंग्सआनमेल्डुंग, खेळाच्या वर्गाचीही आनमेल्डुंगच. घर शोधताना आपण पहिला शब्द हाच शिकतो, आणि मग त्याचा तो एकच अर्थ डोक्यात बसतो.

पाऊलवाट, पुढचं शांतपणे वाच. नाव नोंदवलं नाहीस म्हणून तू नापास झालेला नाहीस. सहसा यात प्रयत्नही वाया जात नाही. नाव नोंदवून, डॉक्टरचं प्रमाणपत्र न देता गैरहजर राहिला असतास तर सरळ ५.० पडले असते. एका विषयाला प्रयत्न मोजकेच असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. ते तिन्ही तुझ्या हातात आहेत. पण खात्री तुझ्या कोर्सच्या प्रूफुंग्सऑर्डनुंगमधूनच, म्हणजे परीक्षेच्या नियमावलीतूनच कर, प्रत्येक कोर्सची वेगळी असते.

तोंडीचं वेगळं बघ. तोंडी परीक्षेची यादी कित्येकदा प्रोफेसरच्या विभागातच ठेवलेली असते आणि तिची तारीखही निराळी असते. त्या विभागाच्या सेक्रेटरीला आजच मेल टाक.

आणि एकट्याने जाऊ नकोस. तुझ्या विभागाची फाखशाफ्ट असेल, म्हणजे विद्यार्थ्यांचीच निवडलेली समिती. एखादी छोटी खोली, जुना सोफा, कॉफीचं मशीन, भिंतभर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायली. दार वाजवून आत जा. प्रूफुंग्सआम्टमध्ये काय मागायचं हे त्या पोरांना तोंडपाठ असतं.

सुमेधा_काकू | सकाळी ११:१५

बाळा, जेवतोस ना वेळेवर? माझी मुलगी डब्लिनला आहे. तिला पहिले दोन महिने अन्नच गोड लागेना. बिनमिठाचं बटर आणून मंद आचेवर कढव, उत्तम साजूक तूप होतं. गोडा मसाला आईकडून मागव, पुडी घट्ट बांध नाहीतर कपड्यांना वास लागतो. थंडीत दही लागत नसेल तर भांडं हीटरवर टॉवेलात गुंडाळून ठेव, सकाळी कवडीसारखं लागतं.

पाऊलवाट_२४ | सकाळी ११:२२

काकू धन्यवाद, पण आत्ता प्रश्न परीक्षेचा आहे.

खरं_बोलतो | सकाळी ११:४०

चूक तुझ्या एजंटची. लाखभर रुपये घेतात, व्हिसा झाला की फोन उचलत नाहीत. मी म्हणतो जर्मनीला जावंच का? इंग्रजी येत असेल तर यूके. एक वर्षात मास्टर्स हातात.

सनीवेलकर | सकाळी ११:५२

आणि यूकेची फी कोण भरणार? जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत शिक्षण फी नाही, नुसतं सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क.

खरं_बोलतो | दुपारी १२:०५

फी नाही, पण व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतातच की. महिन्याला ९९२ सुटतात. म्युनिकसारख्या ठिकाणी त्यात खोली तरी मिळते का?

रेवा_डेल्फ्ट | दुपारी १२:११

तो आता तिथे पोहोचलाय. कुठे जावं हा धागा वेगळा काढा.

हिरवा_कंदील | दुपारी १२:३०

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. रुकमेल्डुंग केलीस का?

पाऊलवाट_२४ | दुपारी १२:३४

ते काय असतं?

हिरवा_कंदील | दुपारी १२:४८

बाकी सगळं बाजूला ठेव. पुढच्या सेमिस्टरचं शुल्क भरून 'मी शिकतोच आहे' असं कळवणं म्हणजे रुकमेल्डुंग. ती राहिली तर नाव पटावरून काढतात, त्याला एक्समाट्रिकुलात्सिओन म्हणतात. नाव गेलं की राहण्याचा परवानाही धोक्यात. परीक्षा एक सेमिस्टर पुढे गेली तर निभेल, हे गेलं तर फार अवघड होईल. (लेट फी असलीच तर ती इथे असते, बऱ्याच ठिकाणी.) पोर्टलवर तारीख बघ आणि लगेच इथे लिही.

पाऊलवाट_२४ | दुपारी १:०२

३१ जानेवारी. अजून चौदा दिवस आहेत. हे मला माहीतच नव्हतं. आत्ता पैसे पाठवले. रकमेच्या खाली मॅट्रिक नंबर, म्हणजे इथला विद्यार्थी क्रमांक, टाकायला सांगितलाय, तोही टाकला.

अपर्णा_ग | दुपारी १:२५

मघापासून वाचतेय. मी लाइपझिशजवळ राहते, अकरा वर्षं झाली. पाऊलवाट, एक विचारू? तू धागा काढलास तेव्हा इथे फोरमच्या भारतीय घड्याळात सकाळचे ८:१० दिसतायत. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास मागे. म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे तीन चाळीस. आणि तेव्हापासून सलग उत्तरं देतोयस. झोपतोस कधी?

दुसरं. तुझ्या वर्गात साठ-सत्तर पोरं असतील. डिसेंबरभर त्यांच्यात परीक्षेच्या नोंदणीशिवाय दुसरं बोलणं नसतं. ते तुझ्या कानावर कसं आलं नाही?

पाऊलवाट_२४ | दुपारी २:१०

लेक्चर संपलं की मी खोलीवर येतो. शुक्रवार-शनिवार रात्री गोदामात पॅकिंगला जातो. कर्ज आहे, वडिलांना हप्त्याची काळजी. मग दिवसा झोपतो, रात्री जाग. वर्गातल्यांशी बोलायला जातो तेव्हा ते आपापसात जर्मनमध्ये बोलत असतात, मी गेलो की इंग्रजीवर येतात आणि मलाच अवघडल्यासारखं होतं. भारतीय ग्रुप आहे, पण त्यात सगळे तेलुगू आणि तमिळ, एकमेकांचे जुने मित्र. स्वयंपाकघरात कोणी असेल तर मी नंतर जातो. नोव्हेंबरपासून चार वाजताच अंधार पडतो. घरी सांगितलंय की सगळं छान चाललंय. बाबा रोज विचारतात, परीक्षा कधी सुरू.

नाना_धारवाड | दुपारी २:२८

सकाळी जरा कडक बोललो. मला वाटलं नुसता निष्काळजीपणा आहे. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी रेल्वे स्टेशनवर जाऊन बसायचो. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, निदान स्टेशनवर गर्दी असायची. कोणाशी बोलायचो नाही, नुसता बसायचो. आईला पत्रात लिहायचो, इथे फार प्रगती आहे. तू बाबांना खरं सांग. मी सांगितलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

खरं_बोलतो | दुपारी २:४०

गोदामाचं सांभाळ. विद्यार्थ्याला वर्षाला १२० दिवसच काम करता येतं.

हिरवा_कंदील | दुपारी २:४६

ते जुनं झालं. मार्च २०२४ पासून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. नाहीतर लेक्चर्स चालू असताना आठवड्याला २० तासांचा हिशेब. पण रात्रपाळी करून सकाळच्या आठच्या लेक्चरला बसलास तर डोक्यात काय शिरणार? विभागात 'हिवी' म्हणून विद्यार्थी-सहायक घेतात, त्याचे पैसे गोदामाच्या आसपासच असतात आणि प्रोफेसरशी ओळख होते. त्यासाठी विचार.

अपर्णा_ग | दुपारी ३:०५

स्टुडिएरेंडेनवेर्क म्हणजे तुमची मेन्सा (विद्यार्थ्यांची खानावळ) आणि हॉस्टेल चालवणारी संस्था, त्यांचाच समुपदेशन विभाग असतो. मोफत, गुप्त, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. तिथे गेलं म्हणजे काही 'झालंय' असा अर्थ नाही. मी पहिल्या वर्षी पाच वेळा गेले होते. समोरच्या बाईने पहिल्या दिवशी फक्त माझा आठवडा कागदावर काढायला लावला, सोमवार ते रविवार. त्यात माणसाशी बोललेले तास रंगवायचे होते. सबंध कागदावर एक चौकोन रंगला, तोही बेकरीतला.

आणि टपालपेटी उघडतोस का?

पाऊलवाट_२४ | दुपारी ३:३०

उघडली. पाच पाकिटं निघाली. दोन विम्याची, एक बँकेचं, दोन कसल्याशा 'बाइट्राग'ची, महिना १८.३६ युरो मागतायत. टीव्ही तर माझ्याकडे नाही.

हिरवा_कंदील | दुपारी ३:४१

तो रेडिओ-टीव्हीचा रुंडफुंकबाइट्राग. टीव्ही असो नसो, घरामागे एक. तू एकत्र फ्लॅटमध्ये राहत असशील तर चौघांत मिळून एकच भरायचा असतो. कोण भरतंय ते विचार आणि त्याचा क्रमांक त्यांना कळव. हॉस्टेलची स्वतंत्र खोली असेल तर हिशेब वेगळा. टाकून मात्र देऊ नकोस, वसुली लागते.

रेवा_डेल्फ्ट | दुपारी ३:५०

बघ, फ्लॅटमेटशी बोलायला विषयही मिळाला.

पाऊलवाट_२४ | गुरुवार २२ जानेवारी, रात्री ९:४५

उशिरा लिहितोय. सोमवारी फाखशाफ्टच्या खोलीत गेलो. खरंच सोफा होता, फायलीही. तिथला एक मुलगा मंगळवारी माझ्याबरोबर प्रूफुंग्सआम्टला आला. मी जर्मनमध्ये तीन वाक्यं कागदावर लिहून नेली होती. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातातला कागद बघितला आणि सावकाश बोलायला लागल्या. दोन्ही लेखी विषयांना नकार. एक उन्हाळ्यातही होतो, दुसरा पुढच्या हिवाळ्यातच. अर्ज केला तरी कारण ग्राह्य धरणार नाहीत, मेल तुमच्या खात्यावर पोहोचला होता असं म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे.

फायनाइट एलिमेंटची यादी विभागात होती आणि अजून चालू होती. २४ फेब्रुवारी, सकाळी १०:३०. नाव लागलं.

बाबांना काल सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बँकेचं मी बघतो, तू रात्रीचं काम बंद कर. शनिवारचं ठेवलंय, शुक्रवारचं सोडलं. समुपदेशनाची वेळ ३ फेब्रुवारीची मिळाली. काकू, तूप केलं. स्वयंपाकघरात फ्लॅटमधला मुलगा वास घेत आला, त्याला पोळीवर दिलं. रेडिओचे पैसे तोच भरतो, नंबर दिला.

आता प्रश्न असा की तोंडी परीक्षा मी आयुष्यात दिलेली नाही. आपल्याकडे व्हायवा म्हणजे एक्स्टर्नल दोन प्रश्न विचारून सोडून द्यायचे. इथे नक्की काय करतात?

हिरवा_कंदील | रात्री १०:१०

समोर प्रोफेसर, बाजूला एक जण नोंदी घेणारा, त्याला बाइझिट्सर म्हणतात. साधारण अर्धा तास. पुढ्यात कोरा कागद आणि पेन असतं. 'साध्या बारच्या एलिमेंटची स्टिफनेस मॅट्रिक्स काढून दाखवा' इथून सुरू होतं आणि मग प्रत्येक पायरीला 'असं का?' विचारतात. अडलास तर गप्प बसू नकोस, डोक्यात काय चाललंय ते बोलत राहा. गप्प बसलास तर त्यांना मदत करता येत नाही. फाखशाफ्टमध्ये त्या प्रोफेसरच्या जुन्या तोंडी परीक्षांच्या नोंदी असतील, मुलं परीक्षा देऊन आली की लिहून ठेवतात. त्या मागून घे. आणि फ्लॅटमधल्या त्या मुलाला समोर बसवून दोनदा मोठ्याने समजावून सांग, त्याला विषय कळत नसला तरी चालेल.