पहाटेच्या उन्हात व्हिटॅमिन ‘डी’ बनत नाही
रोज पहाटे साडेपाचला उन्हासाठी धावूनही रक्ततपासणीत व्हिटॅमिन ‘डी’ १४ (नॅनोग्रॅम प्रति मिली) कसं, असं एका धावणाऱ्याने विचारलंय. त्या वेळी यूव्हीबी किरणं (उन्हातली ‘डी’ बनवणारी अतिनील किरणं) जवळजवळ नसतातच. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाच त्वचेत ‘डी’ नीट बनतं. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर ढगांमुळे तेही घटतं. काचेआडचं ऊन कुचकामी.

१४ म्हणजे कमतरताच. डॉक्टर सहसा ‘डी’चं ६०,००० युनिटचं सॅशे (पावडरची पुडी) आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे देतात. जेवणानंतर दुधातून घ्या, पोटात स्निग्ध हवं. कृपा करून आठवड्याचा डोस रोज घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. ३ महिन्यांनी फेरतपासणी.

‘डी’ कमी असताना हाडंही जपा: नडगीवर बोट दाबल्यावर नेमक्या एकाच जागी दुखत असेल, तर मात्र हाडाला बारीक चीर असू शकते, धावणं आजच थांबवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती बहुधा दिसत नाही, एमआरआय लागतो.