देवनदीच्या काठाने वीरगळ बघत चालायचंय : वाट आणि वेळ सुचवा

पायपीट :
डिसेंबरात नाशिकहून सकाळी निघून सिन्नरच्या देवनदीकाठाने सात-आठ किलोमीटर चालायचा बेत आहे. चौघे आहोत. शिवारातले, पारावरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळा, निवांत बघायचेत. दोन शंका आहेत. पात्रातून चालावं की काठाने? आणि झिजलेल्या दगडाचा फोटो काढला की सगळं सपाट दिसतं. खडूची भुकटी किंवा पीठ चोळलं की कोरीव काम उठून दिसतं म्हणतात, ते करावं का?

देवनदीकाठचा :
पात्रातून नको. ओलं शेवाळ निदान दिसतं तरी, पण डिसेंबरात ते वाळत आलेलं असतं, खडकाच्याच रंगाचं होतं आणि पाय नेमका तिथेच सटकतो. या नदीवर जुने बंधारे आहेत, त्यांतून पाट निघून शेतांना जातात. पाटाची कड हीच सगळ्यात सोयीची वाट. बंधाऱ्याच्या माथ्यावरून मात्र नदी ओलांडू नका, वरून बोटभरच पाणी जात असलं तरी. थोडा वळसा पडला तरी चालेल, गावरस्त्याच्या फरशी पुलावरूनच पलीकडे जा.

पाट सुटलेला असेल तर कडेची काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. त्याच दिवसांत कांद्याची लागवड चालू असते, तेव्हा बांध सोडून वाफ्यात पाय टाकू नका. शेतकरी चिडला तर चूक त्याची नाही. काठाला पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या केबल गवतात, कधी पाण्यातही पडलेल्या असतात. जागोजाग सांधे दिलेले असतात. लाइट गेलेली दिसली तरी प्रत्येक केबल चालू आहे असंच समजा.

वेग किलोमीटरला 20 ते 25 मिनिटं धरा, दगडांपाशी थांबायचा वेळ वेगळा. उसाच्या कडेने गप्प चालू नका, बिबट्याचा वावर असतो. बोलत चला आणि साडेपाचच्या आत डांबरीवर या.

शिळावाचक :
खडू, पीठ, तेल, काहीच नको. आपल्याकडचा बेसाल्ट बऱ्याचदा सच्छिद्र असतो. भुकटी त्या छिद्रांत बसते आणि पावसानेही पुरती निघत नाही. पिठाला मुंग्या येतात, तेलावर धूळ बसून काळा थर होतो. तारेच्या ब्रशचं तर नावच काढू नका. सुकी माती असेल तर रंगाचा मऊ, कोरडा ब्रश वरून खाली फिरवा, तेवढं पुरे.

उठाव सावलीने येतो, त्यामुळे प्रकाश दगडाला घासून गेला पाहिजे. आधी दगडाचं तोंड कुठे आहे ते मोबाइलच्या होकायंत्रावर बघा. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी आठला ऊन थेट पडतं, म्हणजे फोटोसाठी सगळ्यात वाईट वेळ. तोच दगड साडेअकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान बघा; ऊन पृष्ठभागाला जवळजवळ समांतर येतं आणि ढाल-तलवारीच्या कडा एकदम सुटून दिसतात. पश्चिमाभिमुख असेल तर एक ते दोन. दक्षिणेकडे तोंड असेल तर सूर्य उगवल्यावरचा आणि मावळण्याआधीचा तास. उत्तराभिमुख दगडाला डिसेंबरात ऊन लागतच नाही. तिथे साधा हातआरसा कामाला येतो : एकाने उन्हात उभं राहून कवडसा दगडावर बाजूने, तिरका टाकायचा, दुसऱ्याने फोटो घ्यायचा. फ्लॅश समोरून मारलात तर सावल्या मरतात. सावलीत विजेरी वापरायची असेल तर ती दगडाच्या कडेला, पृष्ठभागापासून 10-15 अंशांवर धरा. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक. एकात लपलेलं दुसऱ्यात सापडतं. मोजपट्टी चौकटीत ठेवा, दगडाला टेकवू नका.

वाचायचं खालून वर. तळाच्या चौकटीत बहुधा पडलेला वीर, गाईंच्या रक्षणात गेला असेल तर शेजारी गाई. त्यावर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताना. सगळ्यात वर शिवलिंग, पूजा करणारा वीर, माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य. चौकटी तीन असतील, चार असतील. खालची बरेचदा जमिनीत गाडलेली असते. ती बघायला उकरू नका. आणि कृपा करून प्रत्येक दगडाखाली ‘यादवकालीन’ लिहू नका. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी मानली जाते हे खरं, तिथलं गोंदेश्वर मंदिरही यादवकाळातलं. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, आणि नुसत्या शैलीवरून शतक ठरवणं म्हणजे अंदाजच.

पायपीट :
आभार, आरसा घेतोच. एका दगडावर फक्त कोपरात वाकलेला हात आणि बांगड्या आहेत, वर चंद्र-सूर्य. हाही वीरगळच का?

शिळावाचक :
नाही, ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक. शेजारी वीरगळ आहे का बघा, जोडीने सापडतात. हात आणि लढाई एकाच दगडावर असली तर दोघांचं स्मारक एकत्र.

गावकुसाबाहेरची :
शेंदराबद्दल कुणी बोललं नाही. पुष्कळ गावांत हा दगड म्हसोबा किंवा वेताळ म्हणून पुजला जातो. पादत्राणं काढा, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, मगच फोटो. आपल्याकडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, त्यामुळे ‘वीराचा दगड बघायचाय’ म्हटलं की सहज कळतं. शेंदराचं कवच सुटायला आलं असलं तरी नखाने काढू नका. त्याबरोबर दगडाचा पापुद्राही येतो.

नेमकी जागा नकाशावर टाकून फोटो सार्वजनिक करू नका. एकटे पडलेले दगड चोरीला जातात. गावाचं नाव पुरे. तुटलेला, रस्त्याच्या कामात उखडलेला दिसला तर स्वतः हलवू नका. चारही बाजूंचे फोटो, मोजमाप आणि खुणेची जागा लिहून ग्रामपंचायतीला व राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला लेखी कळवा, अर्जावर पोच घ्या.

देवनदीकाठचा :
दुपारी साडेअकरालाच पूर्वेकडचे दगड बघायचे असतील तर सकाळी गोंदेश्वर आटोपून घ्या आणि चालायला तिथून सुरुवात करा.