बारा बोअरवर दुर्बीण टिकत नाहीये, स्लग मारणाऱ्यांनी जरा सांगा

टूलरूम_इंदूर
नमस्कार मंडळी. माझा भाचा ओहायोत असतो, कोलंबसजवळ. तिथे लायसन्स काढून हरणाची शिकार करता येते आणि बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, म्हणजे हातात महिनाच उरलाय. त्याच्याकडे सेकंडहँड बारा बोअर पंप (पुढचा दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) आहे, नळी रायफल्ड म्हणजे आतून पेचदार खाचांची, सॅबो स्लग मारतो, म्हणजे छर्‍यांऐवजी प्लॅस्टिकच्या खोळीतली एकच जड गोळी. बॉडीवर खोगिरासारखा बसणारा माउंट (दुर्बीण बसवायची बैठक) आहे, घोड्याच्या म्हणजे ट्रिगरच्या पिनांच्या भोकातून बोल्ट आरपार टाकलेत, वर ३-९ ची म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी दुर्बीण. ५० यार्डावर तीन गोळ्या तीन इंचात लागल्या तर खूश झाला, घरी येऊन नळी काढून साफ केली, आणि पुढच्या रविवारी सगळ्या सहा इंच डावीकडे! दुर्बिणीची नेमाची चकती २४ क्लिक फिरवली तरी तीन इंच डावीकडेच.

आता म्हणतो मामा, महागाची दुर्बीण घेतो. मला वाटतं दोष दुर्बिणीत नाहीच आहे. मी पीथमपूरला टूलरूममधे जन्म काढला, ड्रिल-टॅप समजतं, पण बंदूक एनसीसीत धरली तेवढीच. मागच्या साली त्याच्या गोळीने एक हरीण जखमी होऊन पळालं, रात्री टॉर्च घेऊन शोधलं, सापडलं नाही, फोनवर अगदी रडवेला झाला होता. तेव्हापासून माझ्याही डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारून राहिलो.

डेटनहून_परत
मामा तुमचा अंदाज बरोबर आहे, दुर्बिणीला पैसे घालू देऊ नका. मी तिकडे ११ वर्षं होतो. पंपची नळी बॉडीत आट्यांनी बसत नाही, नुसती सरकवून पुढे मॅगझिनच्या (काडतुसं राहतात त्या नळकांड्याच्या) टोपीने आवळलेली असते, म्हणजे थोडी हलणारच. दुर्बीण बॉडीला आणि गोळी नळीतून, दोघांचं नातं त्या ढिल्या जोडावर. नळी काढली की परत तशीच बसेल याची खात्री नाही. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून त्याला नळी हाताने हलवायला सांगा, कळेल.

खरा इलाज म्हणजे कँटिलिव्हर नळी. तिच्यावरच एक पट्टी पक्की केलेली असते, ती मागे बॉडीच्या वर येते आणि दुर्बीण तिच्यावर बसते, मग नळी आणि दुर्बीण एकत्रच निघतात, एकत्रच बसतात. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या काही रायफली चालतात, तोही एक रस्ता, पण आहे त्याच बंदुकीला नळी बदलणं स्वस्तात पडेल.

आर्मरर_महू
वरच्या दादांशी सहमत. मी फौजेत हेच काम केलं त्यामुळे स्क्रूबद्दल बोलतो. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा लावायच्या आधी स्क्रू आणि भोकं दोन्ही स्पिरिटने पुसायची, तेल राहिलं की निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) पकडतच नाही. टॉर्क माउंटच्या कागदावर दिलाय तेवढाच, रिंगांना साधारण १५ ते २० इंच-पाउंड, हाताच्या अंदाजाने नको. खोगीर माउंटचे आरपार बोल्ट जास्त आवळले तर पंपच अडकायला लागतो, आणि बॉडी अॅल्युमिनियमची असली तर टॅप केलेल्या भोकाचे आटे सहज जातात, हे तुम्हाला काय सांगायचं.

क्लिकचा हिशोबही चुकलाय. पाव इंचाचा क्लिक १०० यार्डावर, ५० वर तो इंचाचा आठवा भाग. सहा इंचाला ४८ लागतात, भाच्याने २४ फिरवले म्हणून अर्ध्यावर राहिला. नेम बेंचवरूनच लावायचा, वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली, नळीखाली नाही. नळी गार होऊ द्यायची.

अजून एक, रायफलची दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ धरावी लागते आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या स्लगचा धक्का चांगलाच बसतो. भुवई फाटलेली पोरं मी पाहिली आहेत. चार इंच तरी अंतर मिळेल अशी, कमी पॉवरची, २-७ वगैरे बघा. आणि काडतुसाची एकच कंपनी धरून राहा, ब्रँड बदलला की गोळी दुसरीकडे लागते.

रेणू_बडोदा
हे सगळं वाचून वाईट वाटतं हो. मुक्या जनावराला मारायला एवढी तयारी? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं.

टूलरूम_इंदूर
रेणूताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. आमच्या रालामंडलवर होळकरांची शिकारगाह आहे, आता तिथे अभयारण्य आहे, नातवाला घेऊन चितळ बघायला जातो मी. पण भाच्याच्या गावचा नियम वेगळा, तो जाणारच आहे. मग ते जनावर तडफडत रात्रभर पळू नये, एवढं तर मी बघायलाच हवं ना.

टूलरूम_इंदूर (तीन आठवड्यांनी)
मंडळी, खूप आभार. नळी हातानेच कटकट हलत होती! सेकंडहँड कँटिलिव्हर नळी मिळाली, २-७ ची दुर्बीण बसवली, स्क्रू लावताना व्हिडिओ कॉलवर मी समोर बसलो होतो, एकेक स्क्रू आडवा-तिरपा करत आवळायला लावला. ५० यार्डावर तीन गोळ्या दीड इंचात. मग मुद्दाम नळी काढून परत बसवायला सांगितली, अजून तीन मारल्या, तिथेच. ७५ यार्डापलीकडे घोडा ओढणार नाही असं त्याने मला कबूल केलंय. रविवारी परत रेंजवर जातोय, ७५ वर गोळी किती खाली येते ते बघायला.