वादी की लगामिका?

रंकाळाकाठी: एका अंकासाठी मेंदूवरचा लेख मराठीत करतेय. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या भागाच्या मागे, पिनियल ग्रंथीच्या देठाशी जेमतेम काही मिलिमीटरच्या गाठींची एक जोडी असते, हॅबेन्युला. लॅटिन 'हॅबेना' म्हणजे लगाम किंवा चामड्याचा पट्टा, त्याचं हे छोटं रूप. मी 'वादी' लिहिलं. संपादकांनी खोडून 'लगामिका' केलं. म्हणे, वादी कोर्टात असतो! आमच्याकडं तर चपलेला असते.

चप्पललाईन: ताई, 'तो' वादी कोर्टात, 'ती' वादी चपलेत. घोळ कुठाय? आमचं आजोबा वादी भिजवूनच ओवायचे, वाळली की टाका आवळून बसायचा. तबल्यालाबी वादीच असते की.

तत्समप्रेमी: परिभाषा संस्कृतातूनच घडवावी. 'लगाम' फारसी, त्याला 'इका' जोडणं म्हणजे धोतरावर टाय. 'वल्गा' आहे ना? वल्गिका म्हणा.

मटकीमोड: वल्गिका ऐकून वल्गनाच आठवल्या.

गुऱ्हाळ: जोडी म्हणताय तर कासरा म्हणा की. घोडं कुणाच्या दारात हाय आता? लगाम तर निदान वरातीत दिसतो, वल्गा कुणी बघितलीय?

पांढराकोट: आकार सोडा, काम बघा. 2007 साली मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी माकडांवर दाखवलं की बक्षीस मिळणार नाही असं कळलं की हॅबेन्युलाच्या बाहेरच्या भागातल्या पेशी खवळतात आणि मागोमाग डोपामिनच्या, म्हणजे बक्षिसाचा निरोप देणाऱ्या रसायनाच्या, पेशी गप्प होतात. रांगेत तासभर उभं राहावं आणि आपल्या पुढच्यालाच शेवटची प्लेट मिळावी, तसं. नैराश्याच्या अभ्यासात म्हणूनच तिचं नाव सारखं निघतं. पण बाकी बरंच कोडंच आहे.

मटकीमोड: म्हणजे हिरमोड करणारी गाठ! 'हिरमोडी' म्हणा, विषय संपला.

तत्समप्रेमी: हिरमोड म्हणजे हीर मोडणे, झावळीचा हीर. अवयवाला हे नाव शोभत नाही.

गुऱ्हाळ: झावळीचा कशाला, कोवळ्या कोंबाचा हीर. कोंब मोडला की वाढ खुंटली. आमची आजी म्हणायची, "पोराचा हीर मोडू नका."

चप्पललाईन: आजी म्हणाली म्हणजे व्युत्पत्ती झाली व्हय?

गुऱ्हाळ: तुझं आजोबा चालतात, माझी आजी चालत न्हाई?

रंकाळाकाठी: अहो, उद्या सकाळी प्रूफ जातंय. वादी ठेवू की नको?

तत्समप्रेमी: आधी हीर ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवू. सुटा दीर्घ, मग समासात ऱ्हस्व कसा?